शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार

राजारामपुरीतल्या एका कोपऱ्यावर लागलेल्या डिजिटलचा फोटो अजूनही इंटरनेटवर फिरत असतो. फ्लेक्सच्या बोर्डाला आम्ही डिजिटल म्हणतो. वाढदिवस, निवड, बारसं, शर्यतीत बैल पहिला आला, काहीही घडलं की कोल्हापुरात आधी डिजिटल लागतं आणि मग पेढे वाटले जातात. या फोटोत गॉगल लावलेली एक मुलगी हसते आहे. तिच्या मागे पाण्यावरची नाव, नावेत कंदील, वर केशरी अक्षरांत मजकूर, आणि खालच्या कोपऱ्यात रस्त्यानं चाललेल्या एका म्हशीचं शेपूट. ज्यांना मराठीतलं एक अक्षर वाचता येत नाही अशा देशांतल्या माणसांनी हा फोटो पाहिला, त्यावर ती माणसं चिडली, हसली, त्याच्या नकला केल्या. एकानं तर नुसत्या शेपटाचा टी-शर्ट काढला.

हे डिजिटल कुणी लावलं याबद्दल तेव्हा आमच्या भागात कुणाला शंका नव्हती. तालमीच्या पोरांनी. पोरांनीही कधी नाही म्हटलं नाही. उलट त्या दिवसांत ती जरा जास्तच छाती काढून फिरत होती.

ते मी लावलं. मजकूर माझा, फोटो मी दिलेला. आणि खाली 'शुभेच्छुक'च्या पुढं नाव घालायची वेळ आली तेव्हा 'समस्त मित्र परिवार असं घाल' म्हणून सांगितलं तेही मीच.

मी चष्मे विकतो. दुकान खाली, घर वर. बोलणं मला पहिल्यापासून जमत नाही आणि कोल्हापुरात ते व्यंगच धरतात. इथं माणूस चहाला बोलावतो तेही भांडण काढल्यासारखा. चष्म्याच्या धंद्यात मात्र निभावून जातं. 'हे बरं दिसतंय, का आधीचं?' एवढं विचारता आलं की पुष्कळ.

माझी थोरली बहीण, आक्का, बिद्रीला दिलेली. दाजी कारखान्यात नोकरीला. त्यांची मुलगी अकरावीला क्लाससाठी माझ्याकडे राहायला आली. माझं लग्न जमलं नव्हतं आणि पुढं पुढं कुणी जमवायलाही आलं नाही, त्यामुळं घरात जागा होती. सुरुवातीला 'जेवलीस?' आणि 'जेवले' याच्यापलीकडं आमच्यात काही बोलणं व्हायचं नाही. ती माझ्यावरच गेली होती.

मग एक दिवस तिनं दुकानातल्या कॉम्प्युटरवर गेम टाकला. बुडालेला देश. जिकडं बघावं तिकडं पाणी, पाण्यातून वर आलेली छपरं आणि मनोरे. एक नावाडीण वल्हवत एकेका विझलेल्या दिव्यापाशी जाते आणि तो पेटवते. मारामारी नाही, गोळीबार नाही. दिवा पेटला की त्याच्या उजेडात खालच्या गावातलं काहीतरी दिसतं. कुणाची खाट, कुणाचा पाळणा. भाची वल्हवायची आणि मी शेजारी बसून वाट सांगायचो.

"डावीकडं घे."

"मामा, डावीकडं भोवरा हाय."

"मग थांब जरा. बघू."

आयुष्यात मी इतकं सलग कधी कुणाशी बोललो नव्हतो.

त्या गेमच्या शेवटी नावाडीण आपल्या घरात जाते, वल्हं भिंतीला टेकवते, आणि दारावर थाप पडते. तिथंच पडदा काळा होतो.

"मामा, दारात कोण असंल?"

"दुसऱ्या भागात कळंल की."

येईल वर्ष-दोन वर्षांत, असं वाटलं होतं. तिची बारावी झाली, पुण्याला जाऊन कॉम्प्युटरवर चित्रं हलती करायचं शिक्षण झालं, तिथंच नोकरी लागली, तरी दारात कोण उभं आहे ते जगात कुणालाच कळलं नाही.

मधल्या काळात कंपनीनं दुसऱ्या भागाची एक झलक दाखवली. तारीख सांगितली, ती ढकलली. दुसरी सांगितली, तीही ढकलली, आणि मग तोंड मिटून बसली. जगभरचे चाहते त्या झलकेचा कीस पाडत बसले. दाराच्या फटीत सावली दिसते ती बाईची की पोराची, यावरून लोकांनी एकमेकांचं कूळ काढलं. कुणी म्हणे मुख्य माणूसच सोडून गेला. कुणी म्हणे गेम कधीचा तयार आहे, मुद्दाम दाबून ठेवलाय.

कोल्हापुरातले चाहते म्हणजे दुकानासमोरच्या चहाच्या गाड्यावर मावतील एवढेच. बहुतेक शेजारच्या तालमीची पोरं. तालीम नावाला, कुस्ती कुणी खेळत नाही, गणपती, फुटबॉल आणि डिजिटल एवढीच कामं. इथं दोन माणसांना एकच गोष्ट आवडली की त्यांचे दोन पक्ष पडलेच म्हणून समजा. फुटबॉलला पेठा भिडतात तसे या गेमवरून 'येणार'वाले आणि 'मेला'वाले भिडायला लागले. 'मेला'वाल्यांचा म्होरक्या एक दाढीवाला पोरगा होता, डिजिटल छापायच्या दुकानात कामाला. दुसऱ्यांदा तारीख ढकलली तेव्हा त्यानं कोपऱ्यावर डिजिटलच लावलं. नावेचा फोटो, त्याला हार, खाली मजकूर : 'प्रदीर्घ आजाराने दुःखद निधन. दहावा कंपनीच्या दारात. शोकाकुल : समस्त वाट पाहणारे.' येणारीजाणारी म्हातारी माणसं थांबून हात जोडायची आणि विचारायची, "कोण गेलं म्हणायचं, पावणं?"

मी 'येणार'वाला. पण तोंडानं कधी म्हटलं नाही. पोरांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर मी खोट्या नावानं होतो आणि तिथं माझ्याइतका तोंडाळ दुसरा कुणी नव्हता. गेम बनवणाऱ्यांना मी आळशी म्हटलं, चोर म्हटलं. इंग्रजीत भाषांतर करून जगाच्या चव्हाट्यावरही टाकलं. बनवणारे म्हणजे कुठंतरी लांब थंड खोलीत पाय पसरून बसलेले लोक, अशी माझी समजूत. दुकानातल्या कॉम्प्युटरवरचा गेम बघून पोरांनी माझा पक्ष ताडला होता, पण ती दुकानात आली की मी पुन्हा मुका.

"मामा, तुमची नाव धक्क्यालाच कुजली की वो!"

"कुजंना का," मी काच पुसत म्हणायचो.

एका दिवाळीत भाची आली आणि म्हणाली, "मामा, पन्हाळ्याला जाऊया." माझ्या स्कूटरवरून गेलो. तटाजवळ पिठलं-भाकरीच्या टपरीवर बसलो. खाली दरीत ढग साचले होते. तिनं बुक्कीनं कांदा फोडला, आजूबाजूला बघितलं.

"एक सांगायचंय. सही करून दिलीय मी, कुणाला सांगायचं न्हाय म्हणून. आईला बी बोलले न्हाय."

मला वाटलं लग्न.

"आपला गेम आमच्याकडं हाय."

"कंचा?"

"कंचा काय! आपला. नावेचा."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. तिनं सांगितलं ते असं : पहिल्या लोकांनी इतकी वर्षं केलेलं सगळं टाकून दिलं होतं. दिसायला देखणं, पण त्यात जीव येत नव्हता, आणि करणारी माणसं थकून एकेक निघून गेली. आता नव्यानं, पहिल्यापासून. त्यातलं काही काम पुण्यात तिच्या कंपनीकडं आलं होतं.

"आणि तुझ्याकडं काय?"

"पाणी." मग लाजून म्हणाली, "सगळं न्हाय रं. आमची टोळी हाय. रंग तेवढा माझा."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "लोक लई वंगाळ लिहित्यात, मामा. परवा आमच्यातली एक वाचून रडली. आळशी म्हणत्यात. पोरगी आठवडा आठवडा ऑफिसातच झोपती."

मी दरीत बघत राहिलो. तो शब्द जगात हजारो लोकांनी लिहिला असेल. त्यात एकदा मी होतो. एकदा नाही, पुष्कळदा.

"कुणाला बोलू नको हं. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला तेवढं कळलंय, मी झोपेत बी पाण्याचंच बडबडते म्हणून."

"मी कुणाशी बोलतोय?"

"म्हणून तर तुला सांगितलं," ती म्हणाली आणि माझ्या ताटात तिची अर्धी भाकरी टाकली.

मी ते पोटात ठेवलं. ग्रुपवर शिव्या घालायचंही बंद केलं. पण पोरांचे टोमणे आता निराळेच लागायला लागले. "मामा, दहाव्याला येणार न्हवं?" असं कुणी म्हटलं की मनात म्हणायचो, तुम्हांला काय ठाऊक. आणि हे मनातलं म्हणणं दिवसेंदिवस फुगत गेलं.

तशात भाचीचा वाढदिवस आला. आक्काचा फोन. "आरं, गावातल्या सगळ्यांच्या पोरींची डिजिटलं लागत्यात. माझ्या पोरीचं एकदा तरी लाव की. मामा हाईस का कोण?"

दाढीवाल्याच्या दुकानात गेलो. तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. "बोला मामा, मजकूर?" आणि मी, ज्याच्या तोंडून गिऱ्हाइकापुढं दोन वाक्यं फुटत नाहीत तो, घडाघडा बोलत गेलो : 'नाद खुळा! बुडालेल्या देशाचं पाणी आता कोल्हापूरच्या लेकीच्या हातात! जुनं सगळं पुसून, पुन्हा शून्यातून भाग दोन घडवणाऱ्या आमच्या कन्यारत्नास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!'

त्याची बोटं थांबली. "मामा... खरं व्हय?"

"छाप तू."

"शुभेच्छुक? तुमचं नाव घालतो मोठ्यानं."

"नको. समस्त मित्र परिवार."

आक्काच्या हौसेखातर लावलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खरं नाही. तिची हौस नुसत्या फोटोनंही भागली असती. तो कोपरा चहाच्या गाड्याच्या बरोबर समोर होता, म्हणून मी तो मजकूर लिहिला. आणि राजारामपुरीतलं मराठी डिजिटल बाहेरचं कोण वाचतंय? आमच्याकडं डिजिटल चार दिवस मिरवतं, मग कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातं. इंटरनेट तिकडं, डिजिटल इकडं. या दोन्हींमध्ये एक मोबाइलवाला पोरगा उभा असतो हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

सकाळी लागलं. मी दुकानाच्या काचेआडून बघत होतो. पोरं हातातला चहा तसाच घेऊन बोर्डाखाली गेली, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि शिट्ट्या सुरू झाल्या. 'येणार'वाल्यांनी 'मेला'वाल्यांना कान धरून उठाबशा काढायला लावल्या. "मामा! आपली पोरगी, लका! जाळ की नुसता!" कबूल करतो, ती सकाळ मला फार आवडली.

दुपारपर्यंत फोटो सातासमुद्रापार गेला होता. कुणीतरी भाषांतर केलं. 'पुन्हा शून्यातून' एवढे दोन शब्द लोकांनी उचलले आणि आगडोंब उसळला. इतकी वर्षं वाट पाहिली ती कशाची? जे दाखवलं होतं ते कुठं गेलं? कुणी जुन्या झलकेसाठी रडलं. कुणी म्हणालं, फोटो बनावट आहे. कुणी म्हणालं, ही बातमी आम्हांला म्हशीच्या शेपटामागून कळावी? शेवटी कंपनीला कबूल करावं लागलं : होय, नव्यानं सुरू केलंय, माफ करा. त्यानं राग दुप्पट झाला. आणि तो राग काढायला लोकांपुढं एकच चेहरा होता. गॉगलवाला. माझ्या भाचीचा. तिच्या नावानं लोक काय काय लिहीत होते ते मी वाचलं. भाषा माझ्या ओळखीची होती.

संध्याकाळी तिचा फोन आला. चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं होतं. नोकरी जाणार असं सगळे म्हणत होते.

"मामा, बोर्ड कुणी लावला?"

"पोरांनी लावला असंल."

"त्यांना कसं कळलं?"

तेव्हा मी जे बोललो ते माझ्या हातून झालेलं सगळ्यांत वाईट काम. डिजिटल हा मूर्खपणा होता. हे मूर्खपणानं झालं नाही. मी विचार केला, शब्द जुळवले आणि मग बोललो :

"तुझी ती खोलीतली मैत्रीण, ती कुणाला बोलली न्हाय न्हवं?"

पलीकडून फोन बंद.

दुसऱ्या दिवशी दाढीवाला गुंडाळलेलं डिजिटल खांद्यावर घेऊन दुकानात आला. "मामा, आम्हीच लावलं म्हणून सांगतोय सगळीकडं. आम्हांला काय, शिव्या खायची सवय हाय. तुमचं नाव कुठं येणार न्हाय." तो 'मेला'वाल्यांचा म्होरक्या. मी त्याला थँक्यूसुद्धा म्हणालो नाही, मान हलवली.

मी असाच बसून राहिलो असतो. पण आक्काचा फोन आला आणि तिच्या आवाजात नेहमीचा कडकडाट नव्हता. "पोरगी जेवंना झालीया. त्या मैत्रिणीचं तोंड बघणार न्हाय म्हणती. खोली सोडून निघाली. सख्ख्या बहिणीगत ऱ्हायल्या रं दोघी."

मी दुकान बंद केलं, डिजिटल काखोटीला मारलं आणि पुण्याच्या एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "पावणं, तंबू ठोकणार हाईसा काय कुठं?"

तिच्या ऑफिसची इमारत सगळी काचेची. त्यांच्या विभागाच्या प्रमुख बाई खाली आल्या. त्या बंगळूरकडच्या, मराठी अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही. मी डिजिटल तिथंच फरशीवर पसरलं आणि एका टोकाला बूट ठेवले, कारण ते गुंडाळायला बघत होतं. मग प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली आणि तिचा अर्थ मोडक्या हिंदीत सांगितला. माझा आवाज चढत गेला. काचेपलीकडची पोरं-पोरी उठून बघायला लागली. हे मी लिहिलं, मी सांगितलं, मी लावलं, तालमीच्या पोरांचा यात काही संबंध नाही, खोलीतल्या मैत्रिणीचा तर नाहीच नाही.

"म्हणजे तिनं तुम्हांला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

"हो. पण गप्प बसणाऱ्या माणसाला सांगितलं होतं. गप्प बसला नाही तो मी."

बाईंनी फरशीवरच्या त्या गॉगलकडं बराच वेळ बघितलं. "किती दिवस आम्ही ठरवत होतो, लोकांना हे कसं सांगायचं. कुणाचा धीर होत नव्हता." मग कडक होऊन म्हणाल्या, "चांगलं केलंत असं मी म्हणणार नाही. पुढच्या वेळी विचारून लावा."

बाईंनी फोन करून भाचीला बोलावून घेतलं, लेखी ताकीद दिली आणि कामावर घेतलं. ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. मला वाटलं, आता रडेल किंवा हसेल.

"बोर्डाचं सोड, मामा," ती म्हणाली. "माणूस फुगतं, बोलून जातं. तू तिच्यावर का ढकललंस?"

ती आत गेली. त्यानंतर बरेच महिने तिचा फोन नाही. मैत्रिणीच्या पाया पडून खोलीत परत गेली, एवढं आक्काकडून कळलं. मी स्वतः त्या मैत्रिणीला फोन करायचं ठरवायचो आणि गिऱ्हाईक यायचं. गिऱ्हाईक नसलं तरी आल्यासारखं करायचो.

इंटरनेटवर मात्र हळूहळू काहीतरी बदललं. गुपित फुटलंच होतं, तेव्हा बनवणाऱ्यांनी स्वतःच काम दाखवायला सुरुवात केली. काय टाकलं, का टाकलं, कुठं चुकलो. शिव्या थांबल्या नाहीत, पण मधूनमधून कुणी लिहायला लागलं, बरं झालं पुन्हा केलं. कुणी एकानं लिहिलं, माझं घरही मी एकदा पाडून बांधलंय.

मग पावसाळ्यात पंचगंगा चढली. पाणी पात्राबाहेर आलं की ते बघायला जायची कोल्हापुरात रीतच आहे. सगळं गाव कणीस खात काठावर उभं असतं आणि किती फूट झालं याच्या पैजा लागतात. दारात रिक्षा थांबली. भाची. पाठीला पिशवी.

"मामा, पाणी बघायला ने."

बाकी काही बोलली नाही. स्कूटरवर मागं बसली. घाटाकडं जायचा रस्ता बंद झाला होता, म्हणून नदीकाठच्या एका गल्लीच्या तोंडाशी थांबलो. लोक समोरच्या पुराकडं तोंड करून उभे होते. ती मोबाइलवर फेसाचे, तरंगणाऱ्या चिपाडांचे, त्या तांबूस-करड्या रंगाचे फोटो काढत होती.

"पुढं काय बघतीस," मी म्हणालो. "मागं बघ."

आमच्या पाठीमागं, कोरड्या गल्लीत, गटारीच्या जाळीतून पाणी गुपचूप वर येत होतं. लहानपणी आमचं भाड्याचं घर याच बाजूला होतं. "पूर कधी दारातनं येत न्हाय," मी सांगितलं. "आपण दाराला पोती लावून बसतो आणि तो मोरीतनं घरात येऊन बसलेला असतोय. तुझी आई तेव्हा खाटेवर बसून वाट बघत होती, दारातनं कधी येतोय म्हणून. खाली बघितलं तर तिची चप्पल तरंगायला लागलेली."

तिनं मोबाइल खाली केला. माझ्याकडं बघितलं, मग त्या जाळीकडं.

"दारावर थाप पडती," ती हळूच म्हणाली, "आणि ती दाराकडं बघत असती..."

"व्हय."

"मामा, गप्प. मला विचार करू दे."

घरी येऊन तिनं माझ्या हातची भाकरी खाल्ली. जाताना म्हणाली, "मैत्रिणीशी तू स्वतः बोलायचंस. मी तुझ्या वतीनं बोलणार न्हाय."

नवी झलक आली त्यात पाणी गढूळ होतं. चाहत्यांनी पुन्हा डोकं धरलं. जुन्या झलकेतलं निळंशार पाणी कुठं, हे काय, चहा सांडलाय की गटार फुटलंय? त्याखाली तालमीच्या पोरांनी मराठीत ठणकावलं : "पुराचं पाणी निळं असतंय व्हय रं? कोल्हापूरला या, दाखवतो." त्यांच्याखाली मीही लिहिलं. फार नाही, दोन ओळी. पण खऱ्या नावानं, दुकानाच्या पत्त्यासकट. पोरांनी ते वाचलं आणि रस्ता ओलांडून दुकानात आली.

"मामा, म्हणजे ग्रुपवर ते कंपनीला झोडपणारं तोफखाना नावाचं कोण हुतं, ते...?"

"मीच."

दाढीवाल्यानं मला कोपरापासून हात जोडले.

गेम आला तो रविवार होता. बाजार बंद. मी दुकानातली चष्म्यांची काउंटरं सरकवून सतरंजी घातली, मोठा पडदा आणला. आक्का आणि दाजी बिद्रीहून आले, पोरं आली. भाची आली आणि तिच्या मागं एक चष्मेवाली मुलगी. मैत्रीण. मी तिला पहिल्यांदा बघत होतो.

आता गिऱ्हाईक येणार नव्हतं. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि बोललो. बोर्ड मी लावला होता. पोरांनी माझं नाव झाकलं. आणि या मुलीवर मी संशय टाकला तो चुकून नाही, समजून-उमजून टाकला, स्वतः सुटावं म्हणून. आक्काचा हात तोंडावर गेला.

मैत्रिणीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, चुकून बोललो," ती म्हणाली. "मग मी चहा न घेता निघणार होते." मग बसली. "सुरू करा की. किती वर्षं ताटकळायचं?"

भाचीनं वल्हवायचं मला दिलं. पहिल्याच दृश्यात तेच घर, भिंतीला टेकवलेलं वल्हं, दारावर थाप. नावाडीण दाराकडं वळली. दुकानातली सगळी दाराकडं बघत होती. आणि तिच्या मागं, मोरीच्या तोंडातून, गढूळ पाणी आवाज न करता आत येत होतं. एक चप्पल तरंगत पुढं आली.

"आगं बया," आक्का म्हणाली, "ही माझीच की!"

जो दंगा झाला तो शेजारच्या गल्लीत ऐकू गेला असेल. पोरांनी हलगी आणलीच होती. दाढीवाला, 'मेला'वाल्यांचा म्होरक्या, सतरंजीवर लोळून ओरडत होता, "जित्ता हाय! जित्ता हाय!" ज्या लोकांनी या पाण्याला गटार म्हटलं होतं ते त्या आठवड्यात त्याच पाण्यावर पानंच्या पानं लिहीत होते. पुरात घर गेलेल्या कुणी परक्या देशातल्या माणसानं लिहिलं की हे पाणी मी ओळखतो. भाचीनं तेवढं एक मला वाचून दाखवलं. मग तिनं तिथंच शिट्टी मारली.

पुढच्या रविवारी सगळे पुन्हा जमले आणि शेवटचा दिवा पेटवला. त्यानंतर गेम करणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली. इतर वेळी कुणी ती बघत नाही. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. पाणी असं लिहिलेल्या ठिकाणी तिचं नाव आलं, आणि दाजी, जे माझ्यापेक्षाही कमी बोलतात, त्यांनी पडद्यावर गुलाल टाकला. पडद्याचा तेवढा भाग अजून गुलाबी आहे.

"मामा, डिजिटल?" दाढीवाल्यानं विचारलं.

"परवानगी?"

भाचीनं मोबाइल दाखवला. बंगळूरकडच्या बाईंनी अंगठा पाठवला होता.

"माझा फोटो पाहिजे," मैत्रीण म्हणाली. "तिच्यापेक्षा मोठा. आणि गॉगल लावून."

"शुभेच्छुक?" दाढीवाला म्हणाला, आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी माझं नाव सांगितलं, वडलांच्या नावासकट, आडनावासकट. अक्षरं केवढी पाहिजेत तेही सांगितलं.

सोमवारी सकाळी डिजिटल लागलं. मी दुकान उघडून दारात उभा होतो. खांद्यावर टॉवेल टाकलेले एक म्हातारबाबा बोर्डापाशी थांबले, मान वर करून दोन्ही गॉगलवाल्या पोरींकडं बघितलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "कोण निवडून आलं म्हणायचं, पावणं?"

"आमची पोरगी!" मी म्हणालो. पलीकडच्या गाड्यावर चहा पिणारी पोरं दचकून वळली, एवढ्या मोठ्यानं.